समोरच्या बुवांस

कांदिवली (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२५

घाटकोपरच्या आत्माराम बुवांस कांदिवलीच्या शत्रूचा रामराम.

सामना ठरला रे. शनिवार, तीन जानेवारी, संध्याकाळी सहा, आमच्या वसाहतीचं मैदान. तू आणि मी, एकविसाव्यांदा. मंडळाची पोरं म्हणाली, "बुवा, ह्या टायमाला घाटकोपरवाल्यांची जिरवायची." मी मिशीला पीळ दिला आणि दुकानात येऊन तुला पत्र लिहायला बसलो.

परवा नातीने, निधीने, विचारलं, "आजोबा, डबलबारी म्हणजे काय?" सांगितलं तिला. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. आधी देवाचं गातात, मग बारीबारीने, म्हणजे पाळीपाळीने, भांडतात. एक बुवा पेटीवर बसून गजरातून सवाल टाकतो, दुसऱ्याने तिथल्या तिथे, तालात, जवाब द्यायचा. नाही सुचला तर हरला. तिने विचारलं, "मग समोरचा काय विचारणार ते आधी माहीत नसतं?" म्हटलं, "छे गं, मुळीच नाही." लहान पोरीशी खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. सत्त्याण्णव सालापासून आपण एकमेकांना सवाल पोस्टाने पाठवतोय, मी पाकिटावर दुकानाचा 'साईकृपा साइन बोर्ड' असा शिक्का मारून, आणि स्टेजवर असे दचकतो की नाटकवाल्यांनी शिकावं. फोनवर बोललो तर घरातली सगळी कान टवकारतात. पोस्टमनला आपल्या गजरात काही रस नाही.

आता बॅनरचं ऐक. वसाहतीच्या गेटवर वीस फुटी फ्लेक्स लागलाय. सगळ्यात वर सर्वेशभाऊ, हात जोडून. हे आमच्या वॉर्डातले इच्छुक. महापालिकेची निवडणूक येतेय म्हणून यांना एकाएकी भजनाची गोडी लागली. त्यांच्याखाली त्यांच्या साहेबांचे तीन फोटो. मग गणपती. मग अगदी तळाला, पाण्याच्या पाइपामागे, तू आणि मी, पोस्टाच्या तिकिटाएवढे. आणि तुझ्या फोटोखाली माझं नाव.

मी हाताने बोर्ड रंगवायचो तेव्हा गणपती वर, खाली दोन्ही बुवा सारख्या अक्षरात, आयोजक कोपऱ्यात. फुटपट्टी लावून. कोणाला किती जागा द्यायची हे पेंटरला ठरवावं लागतं, आणि ठरवताना थोडी लाज वाटावी लागते. मशीनला कसली लाज? मी आता सोसायट्यांच्या लेटरबॉक्सवर नावं लिहितो. तिथे सगळ्यांना सारखीच जागा मिळते, तेवढं बरं आहे.

घे पहिला सवाल:

मंगलमूर्ती मोदक खाऊन उंदरावरून पडला,
सांगा बुवा त्या वेळी आकाशी कोण हसला?

सोपा आहे, पण पब्लिकला सोपंच लागतं. चाल पिक्चरच्या गाण्याची लावलीय. कुठल्या ते सांगत नाही, ओळखशील आणि शिव्या देशील. जवाब धाड. शेवटच्या बारीचा सवाल मागाहून पाठवतो.

तुझा जन्माचा वैरी,
बाळा


घाटकोपर (पश्चिम)
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळा,

तुझं पत्र अक्षताने आणून दिलं आणि म्हणाली, "बाबा, या साइन बोर्डवाल्याचं आपल्याकडे एवढं काय काम असतं?" माझी मुलगी दिवसभर मुलुंडच्या बँकेत लोकांच्या सह्या पडताळते आणि संध्याकाळी माझ्या मंडळात पखवाज वाजवते. तिला फार दिवस फसवता येईल असं मला वाटत नाही.

जवाब असा:

चंद्र हसला देवाला अन् डाग घेऊन बसला,
बुवा तुम्ही जपून हसा, चेहरा आधीच तसला.

हा जुळायला मला सहा दिवस लागले. हे तुला सांगायला हवं, म्हणून सांगतो. गिरणी बंद पडल्यावर पार्ल्याच्या ऑफिसात लिफ्ट चालवायचो, तेव्हा तळमजल्यावर ओळ सुचायची आणि सातव्या मजल्यावर यमक दारात उभं असायचं. आता शब्द येत नाहीत. रोजचे शब्दसुद्धा. परवा मला चाळण हवी होती, तर अर्धा तास मी "ते भोकांचं, ते भोकांचं" म्हणत स्वयंपाकघरात फिरत होतो. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. पाठ असलेलं जात नाही, पण नवं पटकन जुळणार नाही.

पूर्वी तुझं पत्र ही गंमत होती, बाळा. आता ती गरज झाली आहे. सवाल हातात आला तर आठ-दहा दिवसांत मी जवाब उभा करतो, पाठ करतो आणि स्टेजवर पहिल्यासारखा दिसतो. हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. अक्षतालाही नाही. मीच तिला सांगेन, पण हा सामना होऊ दे.

निवडणूक आमच्या मंडळातही शिरली आहे. इथल्या एका इच्छुकाने सगळ्यांना टीशर्ट वाटले. पुढे विठ्ठल, मागे तो. मला ते आवडलं नाही, पण पोरं खूश होती, म्हणून चालू दिलं. झांज वाजवणारा निहार दुसऱ्या पक्षाचा, त्याने टीशर्ट घातला नाही. तर कोरसमधली चौघं आता त्याच्याबरोबर चहा पीत नाहीत. गाताना एका तालात टाळी देतात आणि खाली उतरल्यावर एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. गाणं माणसांना जोडतं असं आपण भाषणात ऐकत आलो. तालमीपुरतं जोडतं, एवढंच मी सांगू शकतो.

आपण वीस वेळा भांडलो. मी तुला बेडूक म्हटलं, तू मला फुटकी घागर म्हटलंस. पण हे भांडण संपणार आहे, हे समोर बसलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. शेवटी एकाच ताटातला प्रसाद. आता बाहेर जे चाललंय त्याला शेवटची बारीच नाही. जो तो म्हणतो समोरचा संपला पाहिजे. समोरचा संपला तर आपण गायचं कुणापुढे?

एकच मागणं आहे. तुमच्या त्या भाऊंचं नाव गजरात घेऊ नकोस. आणि शेवटचा सवाल लवकर पाठव.

आत्माराम


कांदिवली
४ डिसेंबर २०२५

आत्मारामा,

चाळण विसरलास म्हणून एवढं मनाला लावून घेतोस? मी मागल्या महिन्यात बायकोचा वाढदिवस विसरलो. त्यावर डॉक्टर काही करू शकला नसता, वकीलच लागला असता. जाऊ दे. मला विनोद करायचा नव्हता, पण तुझं ते वाचून दुसरं काय लिहावं ते कळेना. सवाल वेळेवर येतील. शब्द दिला.

परवा सर्वेशभाऊ घरी आले. बरोबर सहा जण. दारात एवढ्या चपला बघून शेजारीण विचारायला आली, कोण गेलं म्हणून. भाऊ चांगले बोलतात, त्यात वाद नाही. म्हणाले, "बुवा, तुमचा आवाज म्हणजे या वॉर्डाची शान आहे ना. शेवटच्या बारीला झकास काहीतरी होऊन जाऊ दे. समोरच्याची वाट लागली पाहिजे. त्यांनी कोणाचे टीशर्ट घातलेत ते पब्लिकला कळू दे." आणि मग म्हणाले की वसाहतीचं वाचनालय गेली सहा वर्षं कुलपात आहे, ती खोली भजनी मंडळाला मिळायला काही हरकत नाही.

तुला माहीत आहे आम्ही कुठे तालीम करतो ते. जिन्याखाली, विजेच्या मीटरांपाशी. वरून कोणी उतरलं की पखवाजवाल्याने पाय आवळायचे. कचऱ्याचा डबा गेला की अभंग थांबवायचा. तीस वर्षं.

मी नाही म्हटलं. सरळ तोंडावर नाही म्हटलं.

पण रात्रभर डोक्यात तेच. आपण कलाकार म्हणून एवढे सोवळे का व्हायचं? पूर्वीचे गवई दरबारात गायचेच की. राजा कसा होता ते आज कुणाला आठवतं? चीज राहिली. उद्या भाऊही राहणार नाहीत, खोली राहील. तीत आमच्यानंतरची पोरं गातील. हे मी घरी सुगंधाला बोललो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तीस वर्सां जिन्याखाली गायलात मां? देव खंय उठान गेलो?" तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलंय का?

तुझा दुसरा सवाल पाठव.

बाळा


घाटकोपर
१३ डिसेंबर २०२५

प्रिय बाळा,

'नाही म्हटलं' हे तू दोनदा लिहिलंस. एकदा पुरे होतं.

तू वाद घालतो आहेस तो माझ्याशी नाही, तरी माझं मत सांगतो. दरबारात गाणारे होते आणि त्यांतले कित्येक आपल्यापेक्षा फार मोठे. मला राजाची भीती नाही. मला एक साधी गोष्ट कळते. देवाची स्तुती करून कुणाला खोली मिळालेली मी अजून पाहिली नाही. म्हणून ती गाताना आवाज मोकळा लागतो. ज्याच्याकडून काही मिळणार आहे त्याची स्तुती करताना गळ्यात कुठेतरी गाठ बसते. ऐकणाऱ्याला कळत नाही. पेटीवर बसलेल्याला कळते. तू उत्तम कलावंत आहेस, तुला कळल्याशिवाय राहणार नाही.

खोली हवीच, ती मागण्यात पाप नाही. भाऊ नगरसेवक होण्याआधी मागितली तर तो सौदा, नंतर अर्ज करून मागितली तर हक्क. थोडं थांब, एवढंच म्हणतो. हे बोलणं मला सोपं आहे, कारण आम्हाला शाळेचा वर्ग मिळतो, हेही मान्य.

माझा सवाल:

द्रौपदीच्या लाजेसाठी वस्त्र आलं ढीगभर,
सांगा बुवा ते विणलं कोणी, कोणत्या त्या मागावर?

गिरणीतल्या माणसालाच सुचेल असा आहे, नाही का? जवाब तुला ठाऊक आहे. कृष्णाच्या बोटाला तिने बांधलेल्या चिंधीचा धागा. तो तुझ्या पद्धतीने फिरव.

सामन्याला तीन आठवडे राहिले. शेवटच्या बारीचा सवाल अजून आलेला नाही. मला किती दिवस लागतात ते तुला सांगितलं आहे.

आत्माराम


कांदिवली
२४ डिसेंबर २०२५

आत्मारामा,

घाईत लिहितोय. चिंधीचा जवाब जमला, पोरांना पसंत पडला. आचारसंहितेमुळे भाऊंच्या बॅनरवर तोंडापुरता कागद चिकटवलाय. लोक कागदालाच नमस्कार करतात.

शेवटचा सवाल काही जुळत नाही. जुन्यांपैकीच एखादा टाकेन, तुला पाठ असलेला. काळजी करू नकोस.

बाळा


कांदिवली
५ जानेवारी २०२६

आत्मारामा,

परवा तू स्टेजवरून उतरलास तेव्हा मी प्रसादाचं ताट घेऊन उभा होतो. तू माझ्याकडे न बघता गेलास. अक्षताने बघितलं. तिने बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

आता खरं लिहितो. सर्वेशभाऊंना मी नाही म्हटलंच नव्हतं. 'बघतो' म्हटलं होतं. आपल्यात 'बघतो' म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. वीस डिसेंबरला त्यांच्या माणसाने गजर लिहूनच आणला:

टीशर्ट घातला कोणाचा, झेंडा धरला कोणाचा,
सांगा बुवा एका दमात, विठ्ठल आता कोणाचा?

मी तो तुला पाठवायला बसलो होतो. दोनदा बसलो. पाकिटावर तुझं नाव घातलं, शिक्का मारला. पण हे पाठवलं असतं तर मी हो म्हटलंय हे तुला कळलं असतं. तू ते पत्र वाचून घडी करून ठेवलं असतंस आणि नेमाने जवाब जुळवायला बसला असतास. ते मला सहन झालं नसतं. म्हणून नाही पाठवलं. गायची लाज वाटली नाही, लिहायची वाटली. मनाशी म्हटलं, आत्माराम आहे, वेळ मारून नेईल. तुझं ते नोव्हेंबरचं पत्र मी वाचलंच नाही, असं स्वतःला समजावत राहिलो.

मी ओळ टाकली. माझा कोरस उठला, "कोणाचा?" मग मैदान उठलं, "कोणाचा?" तू पेटीवर बोटं ठेवलीस आणि तशीच ठेवलीस. अक्षता ठेका धरून बसली. एक आवर्तन, दोन, पाच. तुझं तोंड उघडलं आणि मिटलं. निहारची झांज थांबली. ती पोरगी एकटी वाजवत राहिली, तुला जागा करून देत. मी मोजत होतो. चौदा आवर्तनं. मग तू हात जोडलेस. मला टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात पडल्या नव्हत्या, आणि त्या पडत असताना, खोटं कशाला बोलू, एक क्षण बरं वाटलं.

त्याची रील फिरतेय. तुझ्या मिटलेल्या तोंडावर सर्कशीतलं वाजवणं घातलंय. अक्षताचा ठेका काढून टाकला त्यांनी. त्या संध्याकाळी खरं वाजवणं तेवढंच झालं होतं.

एक ओळ तरी लिही. शिवी लिही.

बाळा


कांदिवली
१७ जानेवारी २०२६

आत्मारामा,

बारा दिवस झाले, तुझं पत्र नाही.

काल निकाल लागला. भाऊ निवडून आले. गुलाल अंगावर तसाच, आणि पहिलं काम काय केलं तर वाचनालयाची चावी आणून माझ्या हातात दिली. शब्दाचा पक्का माणूस. माझ्यापेक्षा पक्का. म्हणाले, "बुवा, पाटीला फ्लेक्स नको. तुमच्या हातची कला पाहिजे."

किती वर्षांनी कोणी मला हाताने अक्षर काढायला सांगितलं, आणि ते हे. फुटपट्टी घेऊन बसलो. त्यांचं नाव आठ इंची, मंडळाचं तीन. रंगवलं मी. अक्षर झकास आलंय. तेच वाईट आहे. वाईट कामाला हात लटपटायला हवा की नाही? हाताला काही कळत नाही. गळ्यालाही नाही. त्या दिवशी माझा सूर किती स्वच्छ लागला होता ते तू ऐकलंसच. तू म्हणाला होतास गाठ बसते. माझ्या नाही बसली, आणि मला त्याचीच भीती वाटते.

आज सकाळी तालीम केली. पंखा आहे, उजेड आहे, वरून कोणी उतरत नाही. पोरं खूश. मी पेटी उघडली आणि तशीच मिटली, घसा बसलाय म्हणून सांगितलं. घरी आलो तर सुगंधा म्हणते, "खोली गावली. आता समोर बसाक कोण गावतलो?"

पण मी हे निस्तरणार आहे. गुरुवारी माघी गणपतीला मी गातोय, इथेच मैदानावर. सगळ्यांसमोर सांगणार. तुझं नाव साफ करणार, मग माझं काय व्हायचं ते होवो. भाऊ पहिल्या रांगेत असतील, असू देत. तू फक्त मोबाईलवर बघ.

बाळा


घाटकोपर
२७ जानेवारी २०२६

प्रिय बाळा,

गुरुवारचं अक्षताने मला दाखवलं. मी पूर्ण पाहिलं.

तू अभंग अर्ध्यावर सोडलास, माइक हातात घेतलास आणि सत्त्याण्णवपासून आपण सवाल-जवाब पोस्टाने ठरवतो हे सांगितलंस. मग खिशातून माझं पत्र काढून वाचलंस. एकोणीस नोव्हेंबरचं. चाळणीचं. म्हणालास, "आत्माराम बुवा हरले नाहीत हो, त्यांना शब्द आठवत नाहीत, आणि हे माहीत असून मी सवाल पाठवला नाही." मग तुला रडू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे भाऊही उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाळा, तीन तारखेला मी हरलो होतो. एवढंच झालं होतं. बुवा हरतो, पुढल्या वर्षी जिंकतो. ती हार मी पचवली होती, त्या रीलसकट. गुरुवारी तू मला आजारी करून टाकलंस. आता बिल्डिंगमधले लोक माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतात. खालचा दुकानदार मला माझ्याच घराचा नंबर सांगतो. अक्षताला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. तिने ते तुझ्या मैदानाबरोबर ऐकलं. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आता डब्यांवर चिठ्ठ्या लावते, साखर, मीठ, रवा.

लोक म्हणतात, बुवांना आयत्या वेळी कधी सुचलंच नव्हतं, सगळं ठरलेलं होतं. मी त्यांना काय सांगू? घरी बसून केलेली ओळ खोटी असते असं त्यांना वाटतं. तू बोर्ड रंगवण्याआधी खडूच्या रेघा मारायचास, म्हणून अक्षर खोटं होत नव्हतं. आपण फसवत होतो हे खरं. पण त्या फसवण्यासाठी मी अठ्ठावीस वर्षं जेवढे कष्ट घेतले तेवढे कुठल्याच खऱ्या कामासाठी घेतले नाहीत. ते आपलं दोघांचं होतं. तू ते एकट्याने वाटून टाकलंस.

तुला त्या भाऊंची फार चीड येते. गुरुवारी तू त्यांचंच केलंस. गुन्हा माझा केलास आणि माफी माइकवर मागितलीस. मैदानाने तुला माफ केलं. मैदानाचं तू काय बिघडवलं होतंस? कांदिवलीहून घाटकोपर काही परदेश नाही. तुला माझ्या दारात येऊन उभं राहायचं होतं. पण दारात टाळ्या वाजत नाहीत.

विठ्ठल कोणाचा, याचा जवाब मला चार तारखेला सकाळी दाढी करताना सुचला. चांगला आहे. तुला लिहिणार नाही.

हे शेवटचं पत्र म्हणून लिहायला घेतलं होतं. पण काल एक गोष्ट झाली. सत्त्याण्णवच्या पहिल्या सामन्यानंतर जोगेश्वरी स्टेशनबाहेर चहा पिताना आपण दोघांनी एक गवळण केली होती. स्टेजवर कधी गायली नाही. वर्षाकाठी चोरून भेटलो तर आपल्यापुरती म्हणायचो. तिचं पहिलं कडवं मला येतं:

घागरीत माझ्या बाई सूर कुणी भरिला,
डोईवर घेता पाणी पावा वाजू लागला.

दुसरं येत नाही. काल दुपारभर शोधलं. वहीत नाही, कारण ती आपण कधी लिहिलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, पाठ असलेलं जात नाही. ते गेलं. अक्षताला विचारून उपयोग नाही, तिने ती ऐकलेली नाही. जगात ती दोनच माणसांना येत होती.

मला तुझा राग आहे, आणि तो लवकर जाईल असं मला वाटत नाही. तरी विचारायचं तुलाच आहे. आठ तारखेला रविवार आहे. सकाळी ये. मोबाईल घरी ठेव. कुणाला सांगू नकोस.

आत्माराम


कांदिवली
३१ जानेवारी २०२६

आत्माराम,

पत्र वाचलं. माफी इथे लिहीत नाही, दारात मागेन.

यायच्या आधी एक गोष्ट पोस्टाने कळवतो, म्हणजे ती तुला आठ तारखेला अचानक कळणार नाही. दुसरं कडवं मलाही येत नाही. कधीच येत नव्हतं. पहिलं आपण दोघांनी केलं, दुसरं तू एकट्याने केलंस, आणि दर वेळी तूच गायचास. मी मान डोलवायचो. पहिल्याच दिवशी नीट ऐकलं नव्हतं, आणि नंतर इतकी वर्षं विचारायची लाज वाटली.

तरी येऊ का?

बाळा